अकरा दुवे

पडद्यावर सहाशे बारा ठिपके होते. प्रत्येक ठिपका म्हणजे सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतल्या 'तरंगिणी व्हॉल्व्ह्ज' या कारखान्याचा एक कामगार. ठिपक्याठिपक्यांमधून बारीक रेषा गेल्या होत्या, इतक्या दाट की मधला भाग लोकरीच्या गुंत्यासारखा दिसत होता.

"आता बघा," डॉ. मृण्मयी केळुस्कर म्हणाल्या आणि त्यांनी अकरा ठिपके पुसले.

गुंता सुटला. एका जाळ्याची आठ वेगवेगळी छोटी जाळी झाली, एकमेकांपासून तुटलेली.

कारखान्याचे सुरक्षा अधिकारी किशोर गुंजाळ खुर्चीत पुढे सरकले. "फक्त अकरा?"

"फक्त अकरा. तुमच्या कामगारांनी महिनाभर मनगटावर सान्निध्यपट्टी बांधली होती. कोण कोणाच्या दोन मीटरच्या आत किती वेळ होतं, एवढंच ती नोंदवते. त्यातून हे जाळं तयार झालं. बहुतेक माणसं आपापल्या विभागातल्या पाच-सहा जणांनाच भेटतात. पण काही थोडी माणसं सगळीकडे जातात. मूकज्वर एका विभागातून दुसऱ्या विभागात जायचा तर यांच्यामार्फतच जाणार. साथीला फाटकाबाहेर ठेवणं आपल्या हातात नाही, गुंजाळसाहेब. पण ती आत आलीच, तर एका कोपऱ्यात विझावी, हे आपल्या हातात आहे. हे दुवे काढले की झालं."

मृण्मयी केळुस्कर पुण्यात साथगणित शिकवत. मूकज्वराच्या तिसऱ्या लाटेनंतर राज्यातले कारखाने बंद पडले होते, आणि 'तरंगिणी' बंद राहून चालणार नव्हते, कारण रुग्णालयांतल्या प्राणवायूच्या नळ्यांना लागणाऱ्या झडपा तिथे बनत. म्हणून तो महिनाभर सुरू करून पाहिला होता. त्या महिन्यात सहा विभागांत मिळून बावीस जण आजारी पडले आणि कारखान्याला पुन्हा कुलूप लागले. बावीसपैकी कोणी दगावले नव्हते. ते नशीब, असे सर्वांनी धरले होते.

या रोगाची मोठी अडचण त्याच्या नावातच होती. पहिले दोन दिवस ताप नसे, खोकला नसे. तोंडाची चव जाई आणि माणूस थोडा मंदावे, एवढेच. स्वतः रोग्याला वाटे, झोप नीट झाली नसेल. त्या दोन दिवसांत गोळ्या सुरू झाल्या तर माणूस हमखास वाचे. तिसऱ्या दिवशी ताप चढल्यावर मात्र गोळ्यांचा फारसा उपयोग होत नसे. तपासणीचा संच महाग होता आणि दुर्मीळही, त्यामुळे सहाशे माणसांची रोज तपासणी करणे शक्य नव्हते.

गुंजाळांनी अकरा नावांची यादी वाचली. बसचालक अशोक कहांडळ. हजेरी विभागाचा कारकून. भांडारातला एक जण. युनियनचे दोघे. आणि सर्वांत वर, पहिल्या क्रमांकावर, छाया सांगळे.

"ह्या आमच्या छायाताई," ते म्हणाले. "चहाची गाडी घेऊन फिरतात. वीस वर्षं झाली."

"त्यांना पूर्ण पगारी रजा द्या. सगळ्यांनाच. ही शिक्षा नाही, हे नीट समजावून सांगा."

ते समजावणे गुंजाळांना जड गेले. छायाताई कँटीनच्या ओट्यापाशी उभ्या राहून ऐकत होत्या.

"म्हणजे मला रोग झालाय का साहेब?"

"नाही हो. पण झालाच, तर तुमच्याकडून तो सगळीकडे जाईल."

"का? माझ्यात असं काय हाये?"

"तुम्ही सगळ्यांना भेटता म्हणून."

छायाताईंनी ओट्यावरची किटली बाजूला सारली. मग म्हणाल्या, "भेटते हे खरं. आता भेटले म्हणून घरी बसवलेलं पहिल्यांदाच ऐकलं." त्यांनी पदराला हात पुसले आणि गाडीची चावी ओट्यावर ठेवली. "आलं संपत आलंय. आणायला सांगा कुणाला तरी."

पण आले आणायची गरज पडली नाही. प्रत्येक विभागात चहाचे यंत्र बसवले गेले.

*

कारखाना सुरू झाला आणि मृण्मयींचे गणित खरे ठरले. पहिल्या सात आठवड्यांत फाटकावरच्या तापमापकाने चौघांना अडवले. चौघेही वेगवेगळ्या विभागांतले, आणि चौघांचाही रोग त्यांच्या विभागाबाहेर गेला नाही. कारखाना एक दिवसही बंद राहिला नाही. वर्तमानपत्रांनी त्याला 'सिन्नर पद्धत' म्हटले. मृण्मयींच्या शास्त्रीय लेखात त्याचे नाव 'दुवाछेद' असे होते. तीसेक कारखान्यांनी त्यांच्याकडून आपापल्या अकरा-बारा माणसांच्या याद्या करून घेतल्या आणि ती माणसे घरी बसवली.

गुंजाळ रोज सकाळी आठही विभागांचे आकडे पाठवत. एकदा आकड्यांखाली त्यांनी लिहिले, "सगळे ठीक. फक्त कारखाना फार शांत वाटतो." मृण्मयींनी ते वाचले आणि पुढचा तक्ता उघडला.

आठव्या आठवड्यात सोमवारी पॉलिश विभागातले अठरा जण रुग्णालयात पोचले, काही जण तापाने फणफणलेले. मंगळवारी तेरा. गुरुवारपर्यंत अठ्ठावन्नांपैकी एकेचाळीस जण रुग्णालयात होते. रोग त्या विभागाच्या भिंतीबाहेर गेला नाही. गणितात लिहिले होते अगदी तसेच घडले. पण भिंतीच्या आत सात माणसे मेली.

पहिला गेला तो तुषार बोडके. चौतीस वर्षांचा, येवल्याहून सहा महिन्यांपूर्वी आलेला. त्याला पहिली लक्षणे नेमकी केव्हा दिसली, हे कळणे मृण्मयींना आवश्यक होते, म्हणून त्या स्वतः सिन्नरला आल्या. पॉलिश विभागातली वाचलेली एक कामगार, रेश्मा पगार, नुकतीच रुग्णालयातून घरी आली होती. तिच्या घराच्या ओसरीवर, दोन मीटर अंतर ठेवून, मृण्मयी आणि गुंजाळ बसले.

"तुषारला ताप आहे हे तुम्हाला केव्हा कळलं?" मृण्मयींनी विचारले.

"ताप नंतर आला, मॅडम. त्याच्या आधीच्या बुधवारी त्याचा डबा तसाच परत गेला. गुरुवारीही. मी बघितलं ना. आणखी दोघांनी बघितलं."

"मग कोणाला सांगितलं नाही?"

रेश्माला प्रश्नच कळला नसावा.

"सांगायचं कोणाला?" ती म्हणाली. "तो आमच्याशी फार बोलायचा नाही. एकटाच जेवायचा. आपण जाऊन त्याला म्हणायचं, तू आजारी आहेस? आणि नसला तर? त्याला उगाच दहा दिवस कोंडून ठेवतील. सुपरवायझरला सांगावं तर चुगली केल्यासारखं होतं. एरवी छायाताईंच्या कानावर घातलं की पुरायचं. त्या बरोबर त्याला धरून दवाखान्यात पाठवायच्या. राग नाही येत कुणाला त्यांचा."

मृण्मयींनी वहीत काहीतरी लिहायला पेन उघडले, पण काही लिहिले नाही.

"सूचनेसाठी एक फोन नंबर होता," त्या म्हणाल्या. "प्रत्येक भिंतीवर लावला होता."

"होता," रेश्मा म्हणाली.

*

छायाताईंच्या घरी त्या दोघांना चहा मिळाला, पण तुषारविषयी ऐकल्यावर छायाताईंनी चुलीकडे तोंड फिरवले.

"येवल्याचा ना तो?" त्या म्हणाल्या. "साखर जास्त लागायची त्याला. लाजायचा मागायला."

"ताई," मृण्मयी म्हणाल्या, "त्या पहिल्या महिन्यात, कारखाना थोडे दिवस चालू होता तेव्हा, तुम्ही कोणाला दवाखान्यात पाठवलं होतं?"

"पाठवलं ना. किती ते मोजले नाहीत. चहाला तोंड वाकडं केलं की मला कळायचं. ह्या रोगात चहा कडू लागतो. रोज दोन कप पिणारा माणूस अर्धा ठेवतो, म्हणजे काहीतरी बिनसलंय. कधी मला दिसायचं, कधी कुणी कानात सांगायचं. मग मी त्याच्यामागे लागायची. आधी नाही म्हणतात सगळे. मी म्हणायची, बायकोला फोन लावू का?" त्या जरा थांबल्या. "अशोक ड्रायव्हर बसमध्ये बघायचा. हजेरीवाले सोनवणे सही करताना बघायचे. आम्ही एकमेकांना सांगायचो."

पुण्याला परत जाण्याऐवजी मृण्मयी कारखान्यातच थांबल्या. गुंजाळांच्या खोलीत त्यांनी पहिल्या महिन्याच्या सगळ्या नोंदी पुन्हा उघडल्या. बावीस रुग्ण. त्यांतले एकोणीस जण ताप येण्यापूर्वीच दवाखान्यात गेले होते. प्रत्येक जण दवाखान्यात जाण्याच्या आधीच्या तीन तासांत अकरांपैकी कोणाच्या तरी शेजारी उभा होता. सान्निध्यपट्टीत ते स्पष्ट नोंदलेले होते. त्यांनी तेव्हा त्या भेटी पाहिल्या होत्या आणि त्यांना 'संसर्गाची संधी' म्हणून लाल रंग दिला होता.

"मी एक गणित करून बघते," त्या म्हणाल्या. "जाळं तेच ठेवते. पण त्यातून रोग जातो असं धरण्याऐवजी बातमी जाते असं धरते. अमका बरा दिसत नाही, ही बातमी. कोणती माणसं काढली तर ही बातमी सर्वांत लवकर थांबेल?"

यंत्राला काही क्षणच लागले. पडद्यावर अकरा नावे आली. छाया सांगळे, अशोक कहांडळ, सोनवणे... गुंजाळांनी खिशातून जुनी यादी काढून शेजारी धरली.

"क्रमसुद्धा तोच आहे," ते हळू आवाजात म्हणाले.

"असणारच. दोघांना जायला वाट एकच आहे. रोग जवळ आल्याशिवाय जात नाही, आणि असली बातमीही जवळ आल्याशिवाय जात नाही. मी रोगाची वाट बंद केली. त्याच वाटेने दुसरं काही येत-जात होतं, हे मी बघितलंच नाही." त्या पडद्याकडे बघत राहिल्या. "त्या महिन्यात कोणी दगावलं नाही, याला आपण नशीब म्हणालो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या तीस कारखान्यांना एकेक करून फोन केले. काहींनी ऐकले. चाकणच्या एका व्यवस्थापकाने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "पण मॅडम, आमच्याकडे सात आठवड्यांत एकही रुग्ण नाही."

"आमच्याकडेही फक्त चार होते," मृण्मयी म्हणाल्या.

"मग आपण चालू पद्धत का मोडायची? तुमचीच आहे ती."

त्यांच्याकडे उत्तर होते, पण ते सात जणांच्या मृत्यूचे उत्तर होते आणि चाकणला अजून कोणी मेले नव्हते.

*

अकरा जणांना परत बोलवायचे, तर त्यांना खरे सांगणे भाग होते. मृण्मयींनी ते काम गुंजाळांवर टाकले नाही. कँटीनच्या मोकळ्या सभागृहात अकरा खुर्च्या लांब लांब मांडून त्या स्वतः उभ्या राहिल्या.

"तुम्ही आलात तर कारखान्यातले मृत्यू जवळजवळ थांबतील," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही सगळ्यांना भेटता, त्यामुळे तुम्हाला रोग होण्याची शक्यता इतरांच्या चौपट आहे. चांगला मुखपट्टा लावला, हे धरूनसुद्धा. वर्षभरात तुम्हा अकरांपैकी तिघांची प्रकृती गंभीर होईल, असं माझं गणित सांगतं. लस यायला वर्ष तरी आहे."

"कोण तिघं?" अशोक कहांडळने विचारले.

"ते गणिताला कळत नाही."

मग छायाताई म्हणाल्या, "आधी घरी बसवलंत ते आमच्यासाठी नव्हतं. आता बोलावताय तेही आमच्यासाठी नाही. तुम्ही निदान तोंडावर सांगितलंत." त्या उठल्या. "चहाची ती यंत्रं काढून टाका. पुचाट चहा येतो म्हणे त्यातनं."

अकरांपैकी आठ परत आले. सोनवण्यांच्या घरी आजारी वडील होते, ते आले नाहीत. आणखी दोघांनी कारण सांगितले नाही आणि कोणी विचारलेही नाही.

त्यानंतर तीन महिन्यांत सव्वीस जण आजारी पडले. पाच विभागांत. वर्तमानपत्रांनी लिहिले की सिन्नर पद्धत फसली. सव्वीसपैकी कोणी दगावले नाही, हे बातमीत शेवटच्या ओळीत होते. मृण्मयी रोज पुण्याहून आठ नावांवर लक्ष ठेवून होत्या. तिघे. त्या आकड्याशिवाय त्यांना काही सुचत नसे. गुंजाळांचा फोन आला की त्या आधी विचारत, "कोण?"

एका शुक्रवारी सकाळी अकराला तो फोन आला.

"छायाताईंना दवाखान्यात नेलंय," गुंजाळ म्हणाले.

मृण्मयी खुर्चीतून उठल्या. "ताप किती आहे?"

"ताप नाही अजून. तपासणी केली, रोग आहे. गोळ्या सुरू झाल्यात. डॉक्टर म्हणतात, काही होणार नाही, फार लवकर आल्यात."

"त्यांना स्वतःला कळलं?"

"कुठलं! त्या मानायलाच तयार नव्हत्या. सकाळी गाडी घेऊन निघाल्या. ओतकाम विभागात कुणीतरी म्हणालं, ताई, आज माझ्या पोरीची चौकशी नाही केली. यंत्र विभागात म्हणाले, आज चहात साखर दोनदा पडली, ताई चव बघत नाहीत वाटतं. पॅकिंगला पोचेपर्यंत मला नऊ फोन आले. तासाभरात सत्तेचाळीस जणांनी सांगितलं, मॅडम. शेवटी लोकांनी गाडीच अडवली. त्या इतक्या चिडल्या, म्हणाल्या, तुम्हाला काय मीच दिसते का सकाळपासून?"

फोन ठेवल्यावर मृण्मयी टेबलाशी बसल्या. मग त्यांनी जाळे उघडले.

त्यांच्या दुसऱ्या गणितात बातमी अकरांकडून पुढे जात होती. प्रत्येक रेषेला त्यांनी एकच बाण दिला होता. छायाताई सगळ्यांना पाहतात, हे त्यांनी मोजले होते. छायाताईंना सगळे पाहतात, हे मोजले नव्हते. म्हणून 'तिघे' हा आकडा आला होता. त्यांनी प्रत्येक रेषेला दुसरा बाण दिला. आकडा तीनवरून शून्याच्या जवळ उतरला. सर्वांना भेटणाऱ्या माणसाला रोग लवकर गाठतो, पण त्याचा पहिला दिवस कधीच लपून राहत नाही.

सुटकेचा श्वास सोडावा, असा तो क्षण होता. पण गणित दोन्ही बाजूंनी चालते हे एकदा मान्य केल्यावर दुसऱ्या टोकाकडे बघणे त्यांना टाळता येईना. सर्वांत जास्त रेषा असलेली माणसे वर. मग सर्वांत कमी रेषा असलेली खाली.

त्यांनी सहाशे बारा नावे त्या क्रमाने लावली आणि यादी तळापर्यंत नेली. पॉलिश विभागात एकेचाळीस जण आजारी पडले होते आणि त्यांतले सात गेले होते. ते सातही जण शेवटच्या तीस जणांत होते. नवे आलेले, दुसऱ्या गावचे, एकटे जेवणारे. जे चौतीस वाचले, त्या प्रत्येकाला घरी किंवा कामावर कोणीतरी ताप येण्याआधीच हटकले होते. सगळ्यात तळाला, एकाच बारीक रेषेने जाळ्याला लोंबणारा ठिपका तुषार बोडकेचा होता.

पहिल्या दिवशी गुंजाळांना दाखवलेल्या त्यांच्या मूळ तक्त्यात हीच यादी उलट्या क्रमाने होती. तिथे तिला शीर्षक होते, 'सर्वांत सुरक्षित कामगार'. त्यात तुषार पहिला होता.

सोमवारी मृण्मयी सिन्नरला आल्या. त्यांच्याकडे शेवटच्या तीस जणांतली उरलेली तेवीस नावे होती. गुंजाळांना वाटले, त्या ही नावे छायाताईंसाठी ठेवून जातील.

"त्या येईपर्यंत आठवडा आहे," मृण्मयी म्हणाल्या. "मला एक पट्टी द्या."

त्यांनी सान्निध्यपट्टी मनगटावर बांधली आणि दुपारच्या सुट्टीत त्या पॅकिंग विभागात गेल्या. टोकाच्या खिडकीपाशी खोक्यावर एक माणूस पाठ करून बसला होता. आदित्य वाघ, आठ महिन्यांपूर्वी परभणीहून आलेला. यादीत आता तो सर्वांत शेवटी होता. मृण्मयी त्याच्यापासून दोन मीटरवर थांबल्या, मग थोड्या पुढे झाल्या. असे कोणाशी बोलायला जायची त्यांना सवय नव्हती. काय बोलावे ते नक्की सुचत नव्हते.

"जेवलात का?" त्यांनी विचारले.

तो दचकून वळला. आपल्यालाच विचारले का, हे पाहायला त्याने आधी मागे बघितले. मागे नुसती भिंत होती.